तपकिरीची बाजू

उत्तर अमेरिकेत फ्लिकर नावाचा एक सुतारपक्षी आहे. तपकिरी पाठीवर काळ्या आडव्या रेघा, पोटावर काळे ठिपके, मानेमागे लाल चंद्रकोर. नर आणि मादी शेजारी शेजारी बसले तर फरक एकच: नराच्या चोचीच्या मुळापासून गालावर उतरणारी काळी मिशी. मादीला ती नसते. १९३६ साली ग्लॅडविन किंग्जली नोबल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडी जमलेल्या एका मादीला त्याने पकडलं, तिच्या गालांवर खोट्या काळ्या मिश्या लावल्या आणि तिला सोडून दिलं. तिचा नर तिच्यावर तुटून पडला. परका नर हद्दीत घुसल्यावर जसं हुसकावतात तसं त्याने तिला हुसकावलं. मिश्या काढल्या, आणि तीच मादी त्याला पुन्हा चालली.

वाचून आधी हसू येतं. आपल्याच जोडीदारणीला हा ओळखत नाही? पण थोडा विचार केला की कोडं सुटतं. ‘ही मादी आहे का’ अशी चौकशी त्या नराच्या डोक्यात बहुधा नव्हतीच. चौकशी होती ती ‘हा नर आहे का’ अशी. मिशी दिसली की नर, मग हद्द, मग मारामारी. मिशी नसली की सगळं शांत. म्हणजे मादीचा बिनमिशीचा गाल ही नुसती रिकामी जागा नव्हे. त्या रिकाम्या गालामुळेच तिला नराच्या हद्दीत मार न खाता वावरता येतं.

पक्ष्यांच्या रंगांबद्दल बोलताना आपण नेमकं हेच विसरतो. नराकडे रंग आहे आणि मादीकडे तो नाही, असा आपला सरळ हिशेब. पक्षी ओळखण्याचं कुठलंही पुस्तक उघडा. नराचं वर्णन चार ओळी: कपाळ असं, कंठ तसा, पंखावर अमुक पट्टा. मग जागा उरली तर शेवटी दोन शब्द, ‘मादी: फिकट’. चित्रातही नर पुढे आणि मोठा. मादी त्याच्या पाठीमागून अर्धीमुर्धी डोकावते. फोटो काढणाऱ्यांचं काही वेगळं नाही. स्वर्गीय नर्तकाच्या पांढऱ्याशुभ्र लांब शेपटीमागे अख्खी सकाळ घालवणारी मंडळी त्याची मादी समोरच्या फांदीवर येऊन बसली तरी कॅमेरा उचलत नाहीत. मला याचा राग येतो, आणि तो राग काही पूर्णपणे माझा खाजगी हट्ट नाही. जगातल्या पाच मोठ्या संग्रहालयांतल्या सुमारे २५ लाख पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या नमुन्यांची छाननी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात पक्ष्यांच्या नमुन्यांपैकी माद्या निघाल्या ४० टक्के. सस्तन प्राण्यांत हाच आकडा ४८ होता. इतर कारणंही असतील, पण बंदूक रंगाकडे आधी वळायची हे उघड आहे.

माझं मत विचाराल तर तपकिरी हा पक्ष्यांच्या जगातला फार कष्टाने घडवलेला रंग आहे.

मॅलार्ड बदकाच्या मादीचं खांद्यावरचं एखादं पीस जवळून पाहा. मधला भाग गडद तपकिरी. त्याच्या आत बदामी रंगाची वळलेली रेघ. कडेला पुन्हा वाळक्या गवताच्या रंगाची किनार. जवळजवळ प्रत्येक पिसावर अशीच नक्षी, पण कुठे रुंद, कुठे निमुळती, कुठे एक रेघ जास्त. अशी शेकडो पिसं एकमेकांवर रचली गेली की पक्ष्याची बाह्यरेषाच मोडून जाते. आपल्याला गवत दिसतं, काड्या दिसतात, काड्यांमधल्या सावल्या दिसतात, बदक दिसत नाही. नुसतं ‘फिकट’ असून हे साधलं नसतं. एकसारख्या फिकट रंगाचा पक्षी गवतात पटकन डोळ्यांत भरेल.

ही मादी बहुतेक वेळा जमिनीवर घरटं करते आणि सुमारे चार आठवडे अंड्यांवर एकटी बसते. हिरव्या डोक्याचे नरमहाशय तोवर काढता पाय घेतात. पण पुढे त्यांच्यावरही वेळ येते. विणीनंतर पंखांतली उडायची पिसं एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे उडणं बंद होतं. नेमक्या त्याच दिवसांत हिरवं डोकं जातं, पांढरा कंठ जातो, आणि नर जवळपास मादीसारखा तपकिरी होऊन लव्हाळ्यात दडी मारून राहतो. चोच तेवढी पिवळसर राहते, तिच्यावरून जाणकार त्याला हुडकतात. जिवावर बेतलं की तोही तिचेच कपडे घालतो.

शिंजीर असाच. विणीच्या हंगामात उन्हात जांभळा-निळा चमकणारा नर हंगाम सरला की मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटाकडे जाणारी एक काळी रेघ तेवढी राहते. सुगरणीचा नरही आपलं पिवळं डोकं वर्षभर मिरवत नाही. चिमण्याची गोष्ट जरा निराळी आहे. त्याच्या गळ्यावरचा काळा डाग विणीच्या वेळी नव्याने उगवत नाही. पिसं गळून नवी येतात तेव्हाच ती काळी असतात, पण त्यांची टोकं फिकट असतात आणि त्या टोकांखाली काळा रंग झाकलेला राहतो. महिनोन्‌महिने ही टोकं झिजत जातात आणि विणीच्या सुमाराला आतला काळा उघडा पडतो. झिजण्यातून सजणारा पक्षी! या डागाबद्दल बरीच वर्षं असं मानलं जाई की डाग जेवढा मोठा, तेवढा चिमणा थव्यात वरचढ. २०१८ साली जुन्यानव्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा या समजाला पुरेसा आधार सापडला नाही. पुस्तकांतून तो हलायला वेळ लागेल.

हा तपकिरी येतो कुठून, हे तर त्याहून गमतीचं. १७८० साली जॉन हंटर या शल्यविशारदाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका विलक्षण फेझंटची हकिकत लिहिली. फेझंट म्हणजे कोंबड्यांच्या नात्यातला, भडक पिसांचा रानपक्षी. हंटरच्या हातातला पक्षी अंगावरच्या पिसांवरून नर होता, आत शरीराने मादी होती. अंडी घालण्याचं वय उलटलेल्या माद्यांत असं होत असावं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पुढे विसाव्या शतकात प्रयोगांनी कोडं उलगडलं. कोंबडीचं किंवा बदकाच्या मादीचं अंडाशय काढून टाकलं तर पुढच्या वेळी पिसं बदलताना ती नराचा पिसारा घेऊन येते. लांडोरीला पिसारा फुटल्याच्या नोंदी आहेत त्या याच वाटेने. आणि उलट? कोंबड्याची वृषणं काढली तर त्याचा तुरा आक्रसतो, आरवणं थंडावतं, पण पिसं नराचीच राहतात.

म्हणजे या कुळांत झगमगाट हा मुळातला आहे, त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. करावं लागतं ते तपकिरीसाठी. मादीच्या अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढत्या पिसांच्या मुळाशी पोचतं आणि रंगांचा सगळा आराखडा बदलून टाकतं. मोराचा पिसारा येतो कारण त्याला अडवणारं कोणी नसतं. लांडोरीचा मातकट रंग येतो कारण तिचं शरीर तो मुद्दाम घडवत असतं. आपण नराला सजवलेला आणि मादीला सोडून दिलेली समजतो. खरं तर उलट आहे.

अर्थात एक नियम सगळ्या पक्ष्यांना लावायला जाल तर तोंडघशी पडाल. चिमण्याचा गळा काळा होण्यासाठी हार्मोन लागत नाही, तो थेट जनुकांतून येतो. त्याची विणीच्या काळातली काळी चोच मात्र टेस्टोस्टेरॉनच्या कह्यात असते. कॅनरीत तिसराच मार्ग आहे. तिथल्या एका पाळीव वाणात नर-मादीच्या लाल रंगात फरक दिसतो, आणि तो बीसीओ-टू नावाच्या जनुकामुळे पडतो हे २०२० साली दाखवून दिलं गेलं. हे जनुक जे विकर बनवतं ते लाल-पिवळ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे तुकडे करतं. मादीच्या पिसांत ते जास्त काम करतं, म्हणून ती फिकी. इथेही पाहा, फिकेपणा म्हणजे रंग न मिळणं नव्हे. रंग पोचलेला असतो आणि शरीर तो मोडून टाकतं.

आणि मग मधोमध दुभागलेले पक्षी. २०१९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ईरी इथे एक कार्डिनल पक्षी दिसला. एक बाजू नराची, लालभडक. दुसरी मादीची, मातकट. छातीवर सीमारेषा, जणू पट्टी ठेवून आखलेली. शरीरभर रक्त एकच, रक्तातले हार्मोन एकच, मग दोन बाजू वेगळ्या का? २०१० साली असेच अर्धे-अर्धे असलेले कोंबडे तपासले गेले, तेव्हा दिसलं की एका बाजूच्या पेशी बहुतांशी नराच्या आणि दुसरीच्या बहुतांशी मादीच्या असतात. पक्ष्यांत प्रत्येक पेशी आपलं लिंग काही प्रमाणात स्वतःच ‘जाणते’. वर इस्ट्रोजेनचं एवढं कौतुक केलं, त्याला ही मर्यादा. पक्ष्याच्या रंगामागे दोन कारभारी आहेत, आणि कुठे कोणाचं चालेल हे जातीजातीवर ठरतं.

डार्विनला मोराच्या पिसाऱ्याने छळलं होतं. एप्रिल १८६० मध्ये त्याने आपल्या मित्राला, एसा ग्रेला, लिहिलं होतं की मोराच्या शेपटीतलं पीस पाहिलं की मला मळमळतं. निवडीच्या सिद्धान्तात हे अवजड लोढणं बसवायचं कसं? १८७१ च्या ग्रंथात त्याने उत्तर दिलं: माद्या निवडतात, म्हणून नर सजतात. हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. निवडीचा सिद्धान्त स्वतंत्रपणे सुचलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसचं म्हणणं मात्र मागे पडलं. नर एवढा रंगीत का, यापेक्षा मादी रंगीत का नाही, हा प्रश्न त्याला जास्त महत्त्वाचा वाटत होता. १८६८ साली त्याने पक्ष्यांच्या घरट्यांवर लिहिलं: जिथे घरटं उघडं असतं तिथे अंड्यांवर बसणारी मादी साधी असते, जिथे घरटं ढोलीत किंवा झाकलेलं असतं तिथे मादीही रंगीत असू शकते. खंड्या, पोपट, तांबट पाहिले की त्याचं म्हणणं पटतं. शिंजिराकडे पाहिलं की पटत नाही, कारण लोंबत्या, झाकलेल्या घरट्यात बसूनही त्याची मादी साधीच. तरी प्रश्न विचारण्याची त्याची दिशा मला जास्त आवडते. अमेरिकेतल्या काळ्या पक्ष्यांच्या कुळाचा वंशवृक्ष मांडून १९९४ साली जो अभ्यास झाला, त्यातही असंच निघालं की त्या कुळाच्या इतिहासात नरांपेक्षा माद्यांचे रंग जास्त वेळा बदलले आहेत. आपण नराकडे टक लावून बसलो होतो आणि घडामोडी पलीकडे चालल्या होत्या.

या सगळ्या चर्चेला सुरुंग लावणारा एक पोपट आहे, इक्लेक्टस. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर, शिवाय ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क द्वीपकल्पावर राहतो. नर हिरवागार. मादी लाल, छातीवर निळी. दोघांत इतका फरक की बराच काळ त्यांना दोन वेगळ्या जाती समजलं जाई. आणि इथे भूमिकांची अदलाबदलही नाही, अंडी मादीच उबवते. रॉबर्ट हाइन्सोन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली याचा उलगडा मांडला. चांगल्या ढोल्या फार थोड्या. एकदा ढोली मिळाली की मादी ती सोडत नाही, वर्षातले अकरा-अकरा महिने तिथेच ठाण मांडते. तिचा लालभडक रंग दुरून दिसावा म्हणूनच आहे: इतर माद्यांनो, ही जागा गेलेली आहे. धोका वाटला की ती ढोलीत शिरते. तिला आणि पिल्लांना खाऊ घालायला नर दिवसभर झाडाझाडांतून हिंडतात, म्हणून शिकारी पक्ष्यांच्या नजरेला ते पानांत मिसळून जायला हवेत. पण त्यांना आपसांत भाव खायचाही असतो. त्यांच्या हिरव्यात अतिनील किरणांची जी चमक आहे, ती पोपटांच्या डोळ्यांना चांगली दिसते आणि बहिरी ससाण्यासारख्या शिकाऱ्यांच्या डोळ्यांना तितकी दिसत नाही.

रंगीत पाणलाव्यात मात्र खरीच अदलाबदल आहे. तांबूस गळ्याची देखणी मादी नरांना बोलावते, अंडी घालून पुढच्या नराकडे जाते, आणि मागे तपकिरी नर अंडी उबवतो, पिल्लं वाढवतो. जो बसतो तो मातकट. एवढं पाहिल्यावर तपकिरी मादीचा नव्हे, अंड्यांवर एकट्याने बसणाऱ्याचा रंग आहे असं म्हणावंसं वाटतं.

वर अतिनील किरणांचा उल्लेख आला, आणि तो आल्यावर आपण माणसांनी जरा नमतं घ्यायला हवं. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. चौथी जांभळ्याच्या पलीकडे पाहते. ब्लू टिट नावाचा युरोपातला चिमुकला पक्षी आपल्याला नर-मादी जवळजवळ सारखेच निळ्या टोपीचे दिसतो. १९९८ साली कळलं की अतिनील प्रकाशात नराची टोपी मादीपेक्षा कितीतरी उजळ असते. हा एखादा अपवाद असेल असं वाटावं, तर २००५ साली म्यूर ईटन या संशोधकाने आपल्या डोळ्यांना नर-मादी एकसारखे दिसणाऱ्या १३९ गाणाऱ्या पक्ष्यांच्या जाती घेऊन त्यांचे रंग उपकरणाने मोजले आणि पक्ष्यांच्या डोळ्यांच्या हिशेबाने ताडून पाहिले. ९० टक्क्यांहून अधिक जातींत नर-मादीच्या अंगावर कुठेतरी पक्ष्याला कळेल असा फरक होता. आपल्या पुस्तकांत ज्यांच्यापुढे ‘नर-मादी सारखे’ असं लिहिलेलं असतं, त्यांतले कितीतरी एकमेकांना सारखे दिसत नाहीत.

रंग जर एवढा बोलत असेल तर तो खोटंही बोलणारच. रफ या किनारी पक्ष्याचे नर विणीच्या वेळी मानेभोवती पिसांची फुगीर झालर मिरवत एका जागी जमतात, नाचतात, भांडतात. त्यांच्यात काही नर असे असतात की त्यांना झालरच येत नाही, ते मादीसारखेच दिसतात. हे २००६ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं, तोवर ते माद्यांतच मोजले जात असणार. मादी समजून त्यांना कोणी हटकत नाही आणि ऐन वेळी ते आपला कार्यभाग उरकतात. हे सोंग शिकलेलं नाही. गुणसूत्राचा एक तुकडा सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी उलटा बसला, त्यातून ते वंशपरंपरेने येतं. दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्यात फ्रान्सच्या पश्चिम भागात सुमारे ४० टक्के नर आयुष्यभर मादीच्या तपकिरी रंगात राहतात. त्यांच्यापुढे लाकडी नकली पक्षी ठेवून पाहिले, तर नेहमीचे राखाडी नर नकली नरांवर चाल करून जात आणि हे तपकिरी नर नकली माद्यांवर. वेष घेतला तो घेतलाच, भांडणंही त्या वेषाची.

उलट दिशेचं सोंग मला अधिक बोलकं वाटतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जॅकोबिन या गुंजन पक्ष्यात नराचं डोकं निळं आणि पोट पांढरं, तर बहुतेक माद्या हिरवट, ठिपक्यांच्या. पण पाचातली एखादी मादी हुबेहूब नरासारखी असते. शिवाय पिल्लं मोठी होताना सगळीच आधी नरासारखी दिसतात, मुलीसुद्धा, आणि मग बहुतेक मुली ते रंग टाकून देतात. पनामात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं कारण दिसलं. नरासारख्या दिसणाऱ्या माद्यांना इतर पक्षी कमी छळतात, मधाच्या जागेवरून कमी हुसकावतात, त्यामुळे त्यांना निवांत आणि जास्त वेळ खाता येतं. इथे निळं डोकं जोडीदार मिळवण्यासाठी नाही. ते सुखाने दोन घास खायला मिळावेत म्हणून आहे.

आता राहिले कावळ्यांसारखे पक्षी, ज्यांच्यात बाहेरून काही म्हणता काही हाती लागत नाही. युरोपातल्या रॉबिनचंही तसंच, लाल छाती दोघांनाही. डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पक्ष्याचा पिच्छा पुरवला तेव्हा दिसलं की आपल्या हद्दीतला रॉबिन नुसत्या लाल पिसांच्या झुपक्यावरही हल्ला करतो. मग जोडी जमते कशी? वागण्यावरून. हद्दीत आलेला नर उलटून भांडतो नाहीतर पळ काढतो. मादी पळत नाही आणि भांडतही नाही, ती येत राहते, आणि हळूहळू नराचा आवेश ओसरतो.

पक्ष्यांना हे जमतं. ज्यांना दुर्मीळ पक्ष्यांच्या जोड्या पिंजऱ्यात जुळवायच्या असतात, त्यांचं मात्र पूर्वी फार अडायचं. दोन नर वर्षभर एकत्र ठेवून अंड्यांची वाट पाहत बसण्याची वेळ यायची. १९९८ पासून त्याला सोपी चाचणी आहे. एका उपटलेल्या पिसाच्या मुळाशी असलेल्या पेशी पुरतात. त्यांतलं सीएचडी नावाचं जनुक पक्ष्यांच्या दोन्ही लिंग-गुणसूत्रांवर असतं, पण दोन्हीकडे त्याची लांबी किंचित वेगळी. नराकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती, म्हणून चाचणीत एकच पट्टा उमटतो. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू, म्हणून तिचे दोन. मोठाल्या पक्ष्यांपासून मुठीत मावणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत बहुतेकांना ही युक्ती लागू पडते. शहामृग, एमू यांच्या कुळात ती चालत नाही. त्यांची दोन गुणसूत्रं अजून एकमेकांसारखीच राहिली आहेत, तिथे वेगळी खूण शोधावी लागते.